दोन दांड्यांपुरता डोंगर

डोंगर म्हणावा इतका तो उंचही नाही.
हरारेहून रविवारी येणारी पोरं वीस मिनिटांत चढतात,
फोटो काढून उतरतातसुद्धा.
आम्हाला पाऊण तास लागतो.
माय फारिराय पुढे, मी मागे.
मागे अशासाठी, की ती घसरलीच
तर माझ्यावर पडावी.

माझं नाव मुचानेटा.
म्हणजे, तुम्ही थकाल.
बापानं ते कुणाला उद्देशून ठेवलं, कधी सांगितलं नाही.
लग्नात नाव ऐकून माय हसली होती,
म्हणाली होती, बघू कोण थकतं ते.

आधी थोडी मुसासाची झाडं,
मग माती संपते. एकाएकी,
घास संपून ताटाचा तळ लागावा तशी.
पुढे नुसता कातळ, पालथ्या कढईसारखा.
ऑक्टोबरात इतका तापतो
की निळ्या डोक्याचा सरडा
पाय आलटूनपालटून टेकतो.
माय चपला काढून कमरेला खोचते.
अनवाणी पायाला दगड दगा देत नाही, म्हणते.
वाटेवर रंगवलेले पांढरे बाण पाहुण्यांसाठी.
ती पिवळ्या दगडफुलाच्या कडेकडेनं जाते,
जिथे कातळाचे पापुद्रे सुटलेत
आणि पाय पडला की आत
कुणी नसलेलं घर वाजतं.

तिथे थांबून ती गुडघ्यांना शिव्या देते.
डाव्याला वेगळ्या, उजव्याला वेगळ्या.
वर दोन धोंडे आहेत, एकावर एक,
इतके अलगद, की त्यांच्याखालून जाताना
मी अजून श्वास धरते.
ती त्यांनाच टेकून तपकीर ओढते.

कपारीत पांढऱ्या झग्यांतली माणसं प्रार्थना करत होती,
बूट बाहेर, ओळीनं.
मी म्हटलं, यांना बरं, फोन लागत नाही.
माय म्हणाली, उत्तर येतं का
ते विचार एकदा.

माथ्यावर एक खळगा आहे, पावसात तळं होणारा.
त्याच्या डाव्या काठावर उभं राहून
दक्षिणेकडे तोंड केलं की दोन दांड्या उमटतात.
दोनच. पाऊल सरकलं की एक.
जोहान्सबर्ग तिथून सुरू होतं.

"कुठेयस?" फारिराय विचारतो.
"घरात. चुलीपाशी. भाजी टाकलीय."
वारा तिच्या डोक्याचा रुमाल ओढत असतो.
पाठ वळवून, वाकून
ती फोन जपते, पेटती काडी जपावी तसा.
"चुलीचा आवाज फार येतोय."
"लाकडं ओली आहेत."
"बरं. फार वेळ बसू नकोस तिथे.
आणि उतरताना..."
तो गप्प होतो.
माय लगेच बैलाचं सांगू लागते,
मग पत्र्याचं, मग शेजारणीच्या बोकडाचं,
बोकडाचं बरंच.

माझ्या हातात फोन आला तेव्हा
अकरा सेकंदांचे पैसे उरले होते.
सात महिन्यांनी नवऱ्याशी
अकरा सेकंदांत काय बोलतात?
मी म्हटलं, "लाकडं ओली नाहीत."
तो म्हणाला, "माहितेय."
मग त्याचा श्वास, किंवा इथला वारा.
मग बीप.

उतरताना मी पुढे. कारण तेच.
फटीतून मायनं एक वाळकी काडी उपटली.
मेलेली दिसते, पण पाण्यात ठेवली
की सकाळपर्यंत हिरवी होते.
खोकल्यावर चांगली, म्हणाली,
खोकला आमच्या घरी कुणालाच नाही.

"काय म्हणाला तुला?"
"भाजी करपू देऊ नका म्हणाला."

ती माझ्याकडे बघत राहिली.
मग सगळ्यात उभ्या उतारावर
सरळ बसली, लुगडं गुडघ्यांत आवळलं
आणि घसरत निघाली, हसत, ओरडत,
बाजूला हो गं, बाजूला हो.
मी झाले नाही.